फोटो क्लाउडवर चढवण्याआधी

● जागा : गूगल खात्यात १५ जीबी फुकट; पण जीमेल आणि ड्राइव्हचा पसाराही त्यातच. १ जून २०२१ पासून संगणकावरून चढवलेले फोटो या हिशेबात धरले जातात. आयक्लाउडवर फुकट जागा ५ जीबी.

● दर्जा : गूगलवर ‘स्टोरेज सेव्हर’ निवडल्यास १६ मेगापिक्सेलहून मोठे फोटो लहान होतात. मोठ्या आकारात छापायचे असतील, तर ‘ओरिजिनल’च निवडा.

● वेळ : अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल, तर ५० जीबीला साधारण ११ तास लागतात. रात्री लावून ठेवा. लॅपटॉप ‘स्लीप’मध्ये जाऊ देऊ नका.

● सावधान : सिंक चालू असताना एकीकडे पुसलेला फोटो दुसरीकडूनही जातो. लग्न-बारशाचे फोल्डर क्लाउडवर उघडून, फोटोंची संख्या जुळवून मगच संगणक रिकामा करा. एक प्रत हार्ड डिस्कवर असू द्या.