चाकांवरच्या घरातले दव

अमेरिका, कॅनडा किंवा ब्रिटनमध्ये ऐन हिवाळ्यात मोटारहोम घेऊन निघालेल्या प्रवाशाला पहिल्याच सकाळी एक कोडे पडते. रात्री पाऊस नव्हता, छतही गळके नाही. तरीही तावदानांवरून पाण्याचे ओघळ उतरलेले असतात, उशीजवळची भिंत हाताला ओली लागते आणि कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येऊ लागतो. पहिला संशय अर्थातच छतावर जातो. सांधे बुजवले जातात, नवे सीलंट भरले जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! हे पाणी आभाळातून आलेलेच नसते. ते आत झोपलेल्या माणसांच्या श्वासातून, घामातून आणि चहाच्या आधणातून आलेले असते.

सुटीपुरती गाडी वापरणाऱ्याला याचा त्रास चार दिवसांचा. परंतु अमेरिकेत घरभाडे परवडत नाही म्हणून गाडीतच संसार थाटलेले अनेकजण आहेत. २०२१ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या ‘नोमॅडलँड’ने त्यांचे जग पडद्यावर आणले. अशा माणसांसाठी ओल म्हणजे गादीखालची काळी बुरशी, दमेकऱ्याचा वाढलेला दमा आणि आतून कुजत चाललेले प्लायवूड, म्हणजेच हळूहळू नष्ट होणारे एकुलते एक घर होय.

यामागचे शास्त्र शाळेतलेच आहे. हवा जितकी उबदार, तितके अधिक बाष्प तिच्यात सामावते. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प राहू शकते. शून्य अंशाला जेमतेम पाच ग्रॅम. आतली उबदार हवा थंडगार काचेला टेकली, की तिला न पेलणारे बाष्प तिथेच पाणी होऊन बसते. आत २० अंश तापमान आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर १२ अंशांहून थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर दव धरणार. बाहेर बर्फ पडत असताना एकेरी काच याहून कितीतरी थंड असते.

आता गाडीचा हिशेब मांडून पाहावा. लहान कॅम्परव्हॅनमध्ये साधारण १२ घनमीटर हवा मावते. झोपलेला माणूस तासाला ४० ग्रॅमच्या आसपास बाष्प बाहेर टाकतो. म्हणजे दोघांचे ८० ग्रॅम. ५० टक्के आर्द्रतेने रात्र सुरू झाली, तर त्या हवेत आणखी शंभरेक ग्रॅमचीच जागा उरते. दारे-खिडक्या घट्ट लावून घेतल्यास सव्वा तासात ती भरते. पुढची सगळी रात्र पाणी काचेवर आणि भिंतीवर साचत राहते. चारशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये हीच दोन माणसे झोपली, तर काही जाणवतही नाही, कारण तिथे हवा कितीतरी जास्त असते.

म्हणूनच यावरचा खरा उपाय अंतर्ज्ञानाच्या अगदी विरुद्ध आहे : कडाक्याच्या थंडीत खिडकी किंचित उघडी ठेवणे. शून्य अंशाची बाहेरची हवा दमट वाटली, तरी आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली येते. ती तहानलेली हवा असते. दोघांचे बाष्प वाहून नेण्यासाठी तासाला १४ घनमीटर, म्हणजे गाडीभर हवा एकदाच नि थोडी अधिक बदलणे पुरते. खालच्या बाजूला एक फट आणि छतावरचा झरोका थोडा उघडा, संथ फिरणारा पंखा असल्यास उत्तमच. एवढी हवा तापवण्यास लागणारी ऊर्जा शंभर वॅटच्या जुन्या बल्बइतकी. ‘ऊब वाया जाते’ या भीतीने झरोके बंद करणारा प्रवासी इतक्याशा बचतीसाठी भिंती कुजवत असतो.

स्वयंपाकाची वाफ तर वेगळीच. भातावर झाकण नसणे समजण्यासारखे. पण गॅस जळतानाच पाणी तयार होते, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. एक किलो प्रोपेन जळाला, की १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. धुरांडे नसलेला गॅस हीटर गाडी तापवता तापवता तिला ओलीही करतो. शिवाय तो आतलाच प्राणवायू वापरतो आणि ज्वलन अपुरे झाले तर रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड सोडतो. अशा हीटरसह झरोक्यांत कापडाचे बोळे कोंबून झोपणे हा थेट जिवाशी खेळ आहे. युरोपीय मानकांत कॅरॅव्हॅनना कायम उघडे झरोके ठेवण्याची अट आहे, ती उगीच नव्हे. जळालेला वायू नळीने बाहेर सोडणारा हीटर कोरडी ऊब देतो. तरीही कार्बन मोनॉक्साइडचा गजर बसवलेला असावाच.

थंड कोपऱ्यांकडेही पाहावे लागते. अंगाची वाफ गादीतून झिरपत खालच्या गार फळीवर अडते. म्हणून गादीखाली पट्ट्यांची जाळी घालून हवा खेळती ठेवतात. पुढच्या काचेचे उष्णतारोधक आवरण बाहेरून लावणे श्रेयस्कर. ते आतून लावल्यास काच आणखी थंड होते आणि आवरणामागे पाणी धरते. ओले बूट आणि टॉवेल आत वाळत घालणे तर कटाक्षाने टाळावे. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या बंद कपाटात उपयोगी पडतात, पण रात्रभराच्या श्वासापुढे त्या तोकड्याच. कॉम्प्रेसरवर चालणारी ओल शोषणारी यंत्रे थंडीत मंदावतात. तिथे शोषक द्रव्यावर चालणारी बरी. दहा-वीस डॉलरचा आर्द्रतामापक मात्र जवळ असावा; काटा साठीच्या वर रेंगाळू लागला, की झरोका उघडायचा.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यानुसार कुणी अशी गाडी घेऊन जुलैत कोकणात उतरणार असेल, तर मात्र वरचा सल्ला उलटा करून वाचावा. २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या तिथल्या हवेत घनमीटरमागे २४ ग्रॅमहून अधिक बाष्प असते. वातानुकूलित गाडीत ही हवा शिरून २४ अंशांपर्यंत थंड झाली, तर तिला २२ ग्रॅमही पेलवत नाहीत. उरलेले पाणी गादीत आणि कपाटात मुरते. तेव्हा यंत्र सुरू असताना खिडक्या बंद, पाण्याची नळी मोकळी. फक्त चूल पेटलेली असताना झरोका उघडा. आणि गाडी पावसाळाभर आवारात उभी राहणार असेल, तर गाद्या काढून घरात नेणे, कपाटांची दारे उघडी टाकणे आणि ऊन पडेल त्या दिवशी सगळी दारे सताड उघडणे, याला पर्याय नाही.