विलायत किती लांब?

आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा शिक्षणासाठी लंडनला निघाला. तिकिटावर लिहिले होते : मुंबईहून दुपारी २, लंडनला सायंकाळी ६-३०. काकूंनी बोटांवर मोजले, साडेचार तास! संगमनेरहून मुंबईला जायला एस.टी.सुद्धा याहून जास्त वेळ घेते. सायंकाळी साडेसहापासून त्या फोनजवळ बसल्या. सात वाजले, नऊ वाजले, अकरा वाजले. घरात चूल पेटली नाही. फोन आला तो रात्री साडेबारानंतर, आणि तोही मजेत!

चूक कोणाचीच नव्हती. तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची असते आणि पोहोचण्याची लंडनच्या. सूर्य आपल्याकडे आधी उगवतो, त्यामुळे आपले घड्याळ लंडनच्या साडेपाच तास पुढे असते. मार्चच्या अखेरच्या रविवारी तिकडे घड्याळे एक तास पुढे सरकवतात, ती ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारपर्यंत. तेवढे दिवस फरक साडेचार तासांचाच राहतो. म्हणजे उन्हाळ्यात आपल्या गाई सायंकाळी सहाला गोठ्यात येतात तेव्हा लंडनमध्ये दुपारचा दीड वाजलेला असतो. काकूंच्या साडेचार तासांत हे साडेचार मिळवा. खरा प्रवास नऊ तासांचा निघतो. विमान उतरले तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते. पुढे पासपोर्टची रांग आणि सामान.

अंतर तरी किती? शाळेतला पृथ्वीचा गोल घ्या आणि मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरा. तो पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र, युक्रेन असा जातो आणि भरतो सुमारे ७,२०० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटरने आठ तास व्हावेत. पण विमान दोऱ्यावरून चालत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध पेटल्यावर युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. असे झाले की वळसा घालावा लागतो. वळसा म्हणजे वेळ, आणि तेलही.

दुसरे कारण वाऱ्याचे. दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. नदीत प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्याला विचारा, म्हणजे जातानाचे विमान का रेंगाळते ते कळेल. येताना तोच वारा पाठीशी असतो, म्हणून परतीचा प्रवास बहुधा थोडा लवकर होतो.

तरी आजचे दिवस सुखाचे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो, जिनिव्हा असे थांबत १० जूनला पोहोचले.

घरच्यांनी मात्र नुसते नऊ तास धरू नयेत. गाव ते मुंबई सहा तास, विमानतळावर तीन तास आधी हजेरी, उतरल्यावर दीड-दोन तास. वीस तास सहज होतात. मुलाला फोन ‘उतरल्यावर’ नव्हे, ‘बाहेर पडल्यावर’ करायला सांगावे.

काकूंचा मुलगा उन्हाळ्यात परत येणार आहे. लंडनहून रात्री ९, मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी १०-१५. सव्वातेरा तासांतून साडेचार वजा करून काकूंनी या वेळी पावणेनऊ तास स्वतःच काढले. जीप पहाटे चारला निघायची आहे.