नवी गाडी : पहिले हजार किलोमीटर

आपल्या गटांतल्या कितीतरी जणी आता पशुसखी, कृषीसखी, बँकसखी म्हणून काम करतात. काम मिळालं, पण कामाच्या जागा लांब. एक पाडा या डोंगरावर, दुसरा ओढ्यापलीकडे, आणि एसटी फाट्यापर्यंतच. म्हणून काही जणींनी कर्ज काढून मोटारसायकल घेतली आहे, काही जणी घ्यायच्या विचारात आहेत. आजचं बोलणं त्यांच्यासाठी. गाडी कुठली घ्यावी हे मी सांगणार नाही. गाडी दारात आल्यावर पहिल्या महिना-दोन महिन्यांत काय करायचं, ते सांगणार आहे. कारण कर्जाचा हप्ता दोन-तीन वर्षं चालतो, आणि तेवढे दिवस गाडी नीट चालायची असेल तर तिची सुरुवात नीट व्हावी लागते.

खराब रस्त्यासाठी ज्या उंच गाड्या येतात, त्यांना शोरूममध्ये ‘अ‍ॅडव्हेंचर’ गाड्या म्हणतात. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ साली आली, हिरोची एक्सपल्स २०१९ साली. जाहिरातीत या गाड्या लडाखला निघालेल्या दिसतात. आपल्याला लडाखला जायचं नसतं, पण पावसाळ्यात आपल्या पाड्याचा रस्ता त्याहून सोपा असतो असंही नाही. या गाड्यांचं पुढचं चाक मोठं, २१ इंची असतं, म्हणून ते खड्ड्यात अडकत नाही. गाडीचं पोट जमिनीपासून साधारण २२० मिलिमीटर वर असतं. साध्या शंभर सीसीच्या गाडीचं १६५च्या आसपास. त्यामुळे दगड खाली घासत नाही. पण याची किंमत उंचीत मोजावी लागते. एक्सपल्सची सीट सुमारे ८२५ मिलिमीटर उंच आहे, साध्या गाडीची ७८५च्या आसपास. फरक दीड इंचाचा, पण पाच फूट उंचीच्या बाईला तो दीड इंच फार मोठा असतो.

आमच्या भागातल्या एका पशुसखीची अशीच गाडी पहिल्या आठवड्यात तीनदा पडली. लगेच चार लोक म्हणाले, “ही बाईमाणसाची गाडीच नव्हे.” गाडीत खोट नव्हती, तिच्यातही नव्हती. ती गाडी तिच्यापेक्षा उंच, जड माणसाच्या हिशेबानं लावलेली होती. ब्लाउज जसा अंगाच्या मापानं शिवून घेतो, तशी गाडीही आपल्या मापानं लावून घ्यायची असते. ते काम डिलिव्हरीच्या दिवशीच सुरू करा.

त्या दिवशी पेढे वाटायच्या आधी अर्धा तास काढा. गाडीवर कोरलेला चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी जुळवून बघा. दोन्ही चाव्या, टूलकिट, माहितीपुस्तिका हातात घ्या. विम्याचा कागद बघा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा लागतो. आयएसआय मार्कचं हेल्मेट गाडीसोबत देण्याचा नियम आहे, ते मागून घ्या. मागे बसणारीसाठी दुसरं लागेल. आणि साडीगार्ड. मागच्या सीटला धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून जाळी, हे तिन्ही मोटार वाहन नियमांतच सांगितलेलं आहे. “या गाडीला ती जाळी शोभत नाही,” असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर बाई जिवानिशी जाऊ शकते.

आणखी एक. ज्यांच्याकडे स्कूटीचं, म्हणजे बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स आहे, त्यांना ते या गाडीवर चालत नाही. गिअरच्या गाडीचं लायसन्स आधी काढा. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच विचारते.

आता गाडी आपल्या अंगाला कशी लावायची ते बघू. गाडी मेन स्टँडवर चढवा, किंवा मैत्रिणीला सरळ धरायला सांगा, आणि वर बसा. हात हँडलवर ठेवा. ब्रेकचा आणि क्लचचा दांडा असा असावा, की कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ रेषेत राहील. मनगट वर मोडत असेल तर मेकॅनिककडून दांड्याचा क्लँप जरा फिरवून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, पण दिवसाला चाळीस किलोमीटर चालवणारीचं मनगट त्यामुळे वाचतं. आरसे असे लावा की मागचा रस्ता दिसेल, आपलेच खांदे नकोत.

मागच्या शॉकअपला एक खाचांची रिंग असते. ती घट्ट केली की स्प्रिंग कडक होते, सैल केली की नरम. सडपातळ बाई एकटी चालवत असेल तर रिंग नरम खाचेत ठेवावी. मग बसल्यावर गाडी थोडी खाली दबते, पाय जमिनीला टेकतात आणि खड्ड्यात कंबरही कमी धडकते. मागे कुणी बसणार असेल किंवा पेंडीचं पोतं असेल, तर रिंग घट्ट करायची. ओझं उतरलं की पुन्हा पहिल्या खाचेवर. कोणती खाच कशासाठी, हे माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. ते शोरूममध्येच करून दाखवायला सांगा.

तरीही पाय टेकत नसतील तर सीटचा फोम थोडा कमी करून मिळतो. पण महिनाभर चालवल्यावरच ते ठरवा. तोवर एक सवय लावा : थांबताना दोन्ही पाय टेकवायचा हट्ट करायचा नाही. उजवा पाय ब्रेकवर, डावा जमिनीवर. थांबायची जागा आधीच हेरायची, डाव्या बाजूला उतार किंवा खड्डा असेल तर तिथं थांबायचं नाही. आणि गाडी पडलीच, तर उचलायची कशी हेही शिकून ठेवा, कारण तिचं वजन दीडशे किलोच्या वर असतं. आधी इंजिन बंद करायचं आणि गाडी गिअरमध्ये टाकायची. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधी उघडायचा. मग सीटला पाठ लावून बसायचं, एका हातानं हँडल, दुसऱ्या हातानं मागची कडी धरायची, आणि भरलेली घागर उचलताना करतो तसा जोर पायांवर घेऊन मागे मागे सरकत उठायचं. कंबरेतून ओढायचं नाही. दोघी-तिघींनी मिळून मऊ जमिनीवर एकदा करून बघा.

टायरची हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी बघायची. चालून तापलेल्या टायरात आकडा जास्त दिसतो. हवा किती ठेवायची हे गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, एकटीसाठी वेगळं आणि दोघींसाठी वेगळं. या गाड्यांच्या तारांच्या चाकांत बहुतेक वेळा ट्यूब असते. गावातल्या पंक्चरवाल्याकडे २१ इंची ट्यूब मिळेलच असं नाही, म्हणून एक ट्यूब घरात आणून ठेवा.

चेन फार ताणलेली नको. गाडी दबली की चेन आणखी ताणली जाते, आणि उंच गाडीचं मागचं चाक जास्त वर-खाली होतं. म्हणून इथे साध्या गाडीचा अंदाज लावायचा नाही. पुस्तिकेत आकडा असतो, तेवढी ढील ठेवायची. दर पाचशे किलोमीटरनं, आणि चिखलातून आल्यावर लगेच, चेन पुसून तिला तेल द्यायचं.

आता मुख्य गोष्ट, पहिले हजार किलोमीटर. यालाच गाडी ‘रनिंग-इन’ करणं म्हणतात. नवं जातं आणलं की आपण पहिलं दळण घरात खात नाही, कारण त्यात दगडाची कचकच येते. दगडाला दगड घासून सरळ झाला की मग पीठ चांगलं पडतं. इंजिनाचंही तसंच आहे. आत पिस्टन वर-खाली होतो, त्याच्याभोवती रिंगा असतात. सिलेंडरच्या भिंतीवर बारीक रेघा असतात, त्यांच्यावर घासून रिंगा आपली जागा धरतात. ही जागा नीट धरली की इंजिनाची ताकद टिकते आणि ऑइल जळत नाही. गिअरचे दातही असेच एकमेकांवर बसतात. हे बसणं बहुतेक पहिल्या पाचशे ते हजार किलोमीटरमध्ये होतं.

म्हणून या काळात काय करायचं? मूठ अर्ध्याच्या पुढे पिळायची नाही. पण फार हळूही चालवायचं नाही, कारण थोडा दाब पडल्याशिवाय रिंगा बसत नाहीत. वेग सारखा बदलता ठेवायचा. हायवेवर एकाच वेगानं तासभर चालवण्यापेक्षा गावातला वळणावळणाचा रस्ता बरा. चढाला गाडी मोठ्या गिअरमध्ये धडधडत ओढू नका. आवाज जड झाला की लगेच खालचा गिअर टाका. सकाळी गाडी सुरू करून दहा मिनिटं अंगणात गुरगुरत ठेवायची गरज नाही. अर्धा मिनिट पुरे, मग सावकाश निघायचं. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करायची नाही. गिअरमध्ये असली की इंजिनच गाडीला धरून ठेवतं. पहिले पाचशे किलोमीटर पोती, दुधाचे कॅन, तिघं-तिघं असलं काही नको.

टायर आणि ब्रेकही नवे असतात. नवा टायर गुळगुळीत असतो, म्हणून पहिले दीडशे किलोमीटर वळणावर गाडी झुकवायची नाही. ब्रेकसाठी मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगावरून हळूहळू दाबत दहापर्यंत यायचं, मग थोडं चालवून ब्रेक थंड होऊ द्यायचा. असं पंधरा-वीस वेळा केलं की पॅड डिस्कवर नीट बसतात.

पहिली सर्व्हिसिंग कधीही चुकवू नका. पुस्तिकेत किलोमीटर आणि दिवस दोन्ही दिलेले असतात, जे आधी येईल ते धरायचं. मजुरी मोफत असते, पण ऑइल आणि फिल्टरचे पैसे लागतात, ते बाजूला ठेवा. जात्याच्या पहिल्या दळणात कचकच असते, तसा या पहिल्या ऑइलमध्ये धातूचा बारीक चुरा असतो. तो आत फिरत राहिला तर नवं इंजिन आतून खरवडतं. म्हणून “ऑइल अजून चांगलं दिसतंय” असं कुणी म्हटलं तरी बदलूनच घ्या. चाकाच्या तारा तपासायला सांगा. नव्या चाकाच्या तारा सुरुवातीला ढिल्या पडतात. हँडलचे कोन, चेन आणि सगळे नटबोल्ट बघायला सांगा. यादी कागदावर लिहून न्या, जॉबकार्डची प्रत घ्या. सर्व्हिसिंग चुकली तर वॉरंटीचं भांडण आपल्याच अंगावर येतं.

आता एक बोलायला अवघड गोष्ट. नवी गाडी आली की घरातल्या प्रत्येकाला एक फेरी हवी असते. दीर म्हणतो, “जरा फाट्यापर्यंत जाऊन येतो.” पुतण्या मित्राला घेऊन घाटात पिकअप बघायला जातो. तुम्ही अर्ध्या मुठीवर जपून चालवलेली गाडी एका संध्याकाळी पूर्ण मुठीवर पळवली जाते. नंतर गाडी धूर सोडायला लागली की म्हणतात, बाईला गाडी सांभाळता आली नाही. तेव्हा हजार किलोमीटर होईपर्यंत चावी तुमच्याकडे राहील, हे घरात पहिल्याच दिवशी सांगा. “कंपनीनं सांगितलंय, पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत एकाच हातानं चालवायची,” एवढं म्हटलं तरी पुष्कळदा पुरतं. ऐकत नसतील तर गटातल्या दोघींना सोबत घेऊन सांगा. कर्ज गटाचं असेल तर गाडी नीट चालणं हा गटाचाही प्रश्न आहे.

आणि आरसी बुक कुणाच्या नावावर आहे, ते बघा. हप्ता तुम्ही भरत असाल तर गाडी तुमच्या नावावर हवी. बँकेचा बोजा आरसीवर नोंदलेला असतो. कर्ज फिटलं की बँकेकडून ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घ्यायचा आणि आरटीओत तो बोजा उतरवायचा. बऱ्याच जणी शेवटचा हप्ता भरून थांबतात, आणि गाडी विकायच्या वेळी अडतं.

शेवटी, एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती टाकलं, काय दुरुस्त केलं. टाकी पूर्ण भरायची, चालवायचं, पुन्हा पूर्ण भरायची. मधले किलोमीटर भागिले लागलेले लिटर, म्हणजे तुमच्या गाडीचं मायलेज. हा आकडा अचानक उतरला की गाडीत काहीतरी बिघडतंय असं समजा आणि हवा, चेन, ब्रेक बघा. गटाचं रजिस्टर आपण लिहितो, त्यापुढे ही वही काहीच नाही.

येत्या बैठकीत ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी गाडी घेऊनच या. हवा, चेन आणि शॉकअपची रिंग सगळ्या मिळून बघू. ज्या घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी नुसतं वर बसून पाय टेकतात का तेवढं बघावं.