माहिती चौकट : मुरलेली बोर्दो, खानदेशच्या पंगतीत

• बोर्दो : नैर्ऋत्य फ्रान्समधील गारोन नदीवरचे बंदर. परिसरातील लाल वाइनमध्ये डाव्या तीरावर काबर्ने सोविन्यों, उजव्या तीरावर मेर्लो द्राक्षाचे प्राबल्य.

• श्रेणी : १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनानिमित्त ठरली, पण मुतों-रोथशिल्ड या वाइननिर्मात्याला प्रथम श्रेणी १९७३ मध्ये मिळाली.

• साठवण : १२ ते १४ अंश सेल्सिअस, अंधारात, बाटली आडवी. जळगाव-धुळ्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर चढत असल्याने माळ्यावर ठेवलेली बाटली मुरत नाही, नासते.

• वाढणी : वर्षानुवर्षे रंगद्रव्ये व टॅनिन एकत्र येऊन तळाशी गाळ साचतो, म्हणून दिवाळीच्या मेजवानीपूर्वी, आदल्या दिवशीच, बाटली उभी करून ठेवावी, आणि दिव्याच्या उजेडात सावकाश ओतताना गाळ गळ्याशी येताच हात थांबवावा. जांभळट रंग आता विटकरी झालेला असतो; गंधात तंबाखू, देवदार व ओल्या मातीचा आभास येतो. हा नाजूक गंध झणझणीत शेवभाजीपुढे लोपतो, यास्तव कमी तिखटाचे भरीत बरे.

• परवाना : १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये मद्यप्राशनास परवाना आवश्यक; अंमलबजावणी राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे.