गोठ्याचे वर्कशॉप करण्याआधी

जनावरे विकली गेली की घरालगतचा गोठा रिकामा पडतो. आयटीआय शिकून आलेला मुलगा तिथे वेल्डिंगचे काम सुरू करू पाहतो, तर सूनबाई चार शिलाई मशीन मांडायचे म्हणते. भाडे वाचते, काम घराजवळ राहते. बेत चांगलाच आहे. पण धाराशिव जिल्ह्यात आधी भिंती आणि माळवद पाहायला हवे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपात उमरगा-लोहारा भागात दगड-मातीच्या जाड भिंतींनीच घात केला. अशा भिंतीला दोन पदर असतात आणि मध्ये नुसती भर. हादरा बसताच पदर सुटतात. अनेक घरांत लाकडी खांब उभे राहिले, भिंती मात्र ढासळल्या.

म्हणून जागा मोकळी करण्यासाठी जुने खांब काढू नका. माळवदावर वर्षानुवर्षे साचलेला मातीचा जादा थर उतरवा. भिंतीत साधारण 4 फुटांच्या अंतराने आणि दर 2 फूट उंचीवर आरपार भोक पाडून, दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई घालून काँक्रीट भरतात. त्याने दोन्ही पदर बांधले जातात. भोक एका वेळी एकच, तेही घण न मारता. शटरसाठी भिंत फोडण्याआधी अभियंत्याला दाखवा.

मुताने भिजलेली जमीन उकरून मुरूम भरा. अर्थिंग करून घ्या. कडबा आणि वेल्डिंगची ठिणगी एका छपराखाली नको.

मशीनच्या किमतीबरोबर या दुरुस्तीचाही हिशेब धरा. दिवसभर त्या माळवदाखाली आपलीच मुलेबाळे बसणार आहेत.