स्टँडर्ड हेरल्ड शोधताय? आधी चासी बघा!

फियाट आणि अँबेसिडर अजून बऱ्याच सापडतात. स्टँडर्ड हेरल्ड मात्र शोधावी लागते. ब्रिटिश ट्रायम्फ हेरल्डवर बेतलेली ही गाडी 1961 पासून मद्रासला बनू लागली. डिझाइन इटलीच्या जिओवानी मिकेलोत्तीचं, इंजिन 948 सीसी. चार दारांची हेरल्ड तर फक्त भारतातच बनली, म्हणून माझा जीव तिच्यावर जास्त!

गाडी सापडली की रंग, सीट, क्रोम नंतर बघा. हेरल्डला स्वतंत्र चासी आहे आणि बॉडीचे भाग तिच्यावर बोल्टने बसवलेले आहेत. त्यामुळे भाग सुटे करून दुरुस्त करता येतात, पण चासीच गंजलेली असेल तर खर्च हाताबाहेर जातो. गाडी उचलून घ्या, खाली टॉर्च मारा, चासीच्या आडव्या फाट्यांवर हलकेच ठोकून बघा. पत्रा पोकळ वाजला किंवा दबला तर सावध व्हा. बॉनेट पुढच्या बाजूला उलटतं, त्यामुळे इंजिन तपासणं अगदी सोपं.

इंजिनाच्या सुट्या भागांसाठी त्याच कंपनीच्या जुन्या स्टँडर्ड टेन गाडीवरही नजर ठेवा. ट्रायम्फचे बरेच भाग ब्रिटनमध्ये आजही नवे मिळतात.

आणि कागदपत्रं! आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळलाच पाहिजे. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळू शकतो. तेव्हा चासी, बॉडी, इंजिन बदलायचा मोह टाळा.

तुमच्या गावात एखादी हेरल्ड उभी असेल, तर भंगारात जाण्याआधी जरूर कळवा.