जामीन राहणारी प्रीती

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या पतसंस्थेत कर्ज मागायला गेले की बहुधा पहिला प्रश्न येतो, ‘जामीनदार कोण?’ घरकाम करणाऱ्या बाईंना दिवाळीला साडी आणि बोनस देणारी कुटुंबे या शहरांत पुष्कळ आहेत. त्यांच्या कर्जाला जामीन राहणारी मात्र शोधावी लागतात. दान दिले की हिशेब तिथेच संपतो. सही केली की दुसऱ्याचे बरेवाईट आपल्या दारापर्यंत येते.

श्रीमंत आणि गरीब यांच्यातल्या प्रीतीविषयी ख्रिस्ती धर्मग्रंथ बोलतो तेव्हा दानाइतकाच हा जामीनही त्यात येतो. नव्या करारातले फिलेमोनाला लिहिलेले पत्र जेमतेम पंचवीस वचनांचे आहे. फिलेमोन हा गुलाम बाळगणारा घरमालक. अनेसिम हा त्याच्यापासून दुरावलेला गुलाम. त्याला परत पाठवताना पौल दोन गोष्टी सांगतो: याला भाऊ म्हणून घरात घे, आणि याच्याकडून तुझे काही येणे असेल तर ते माझ्या नावावर मांड. हे आपण स्वहस्ते लिहीत आहोत, असेही तो नमूद करतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर खुद्द येशूलाच नव्या कराराचा ‘जामीन’ म्हटले आहे. जुन्या करारातले नीतिसूत्रांचे पुस्तक मात्र दुसऱ्याला जामीन राहू नकोस, असे वारंवार बजावते. यातला धोका त्या परंपरेला पुरता ठाऊक होता.

या विचाराला व्यवहाराचे रूप दिले जर्मनीतल्या फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन (१८१८–१८८८) याने. १८४६–४७च्या टंचाईत वायरबुशचा गावप्रमुख असताना त्याने सधनांकडून पैसे जमवले, भट्टी बांधली आणि गरिबांना उधारीवर पाव दिला. पुढे हेडेसडोर्फ येथे १८५४ साली सधनांच्या आधारावर मदतसंस्था काढली. काही वर्षांत देणाऱ्यांचा उत्साह ओसरला. प्रीती हा पाया रायफायझनने सोडला नाही, रचना मात्र बदलली. १८६४च्या नव्या संस्थेत कर्ज घेणारा स्वतःच सभासद झाला आणि सर्व सभासदांची जबाबदारी अमर्याद ठरली. शेजाऱ्याचे कर्ज बुडाले तर सधन शेतकऱ्याची जमीनही धोक्यात येणार होती. त्यामुळे गरिबाची गाय जगली की मेली, याची चौकशी श्रीमंताला करावीच लागे.

आपल्याकडे १८७५ साली दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला होता. कर्जाच्या प्रश्नावर उपाय शोधताना मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन यांना युरोपातील संस्था अभ्यासायला पाठवले. त्यांनी रायफायझनचा मार्ग सुचवला. १९०४च्या सहकारी पतसंस्था कायद्यात ग्रामीण संस्थांसाठी अमर्याद जबाबदारीचे तत्त्व आले.

वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ साली. तिथे १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंनी पतसंस्था उभी केली. तीच पुढे बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. सावकाराच्या विळख्यात सापडलेल्या शेतकऱ्याला सोडवणे, हा तिचा उद्देश. मिस्साला एकत्र बसणारी माणसे आता एकाच खातेवहीतही आली.

डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७०ची, ठाणे जनता १९७२ची. त्यांची प्रेरणा ख्रिस्ती नव्हे, पण सहकाराचे तत्त्व तेच. बँका वाढल्या, सभासदाची जबाबदारी त्याच्या भागभांडवलापुरती उरली. शेजारधर्माची खूण म्हणून जामीनदाराची सही तेवढी राहिली.

आता तीही वर्गावर्गांत वाटली गेली आहे. संयुक्त जबाबदारीच्या कर्जगटात चाळीतल्या बायका एकमेकींना जामीन राहतात. गरिबाला गरीबच तारतो. सधनाची ठेव वेगळ्या बँकेत सुरक्षित असते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराला शहरात ओळखीचे कोणी नसते, म्हणून त्याला जामीनही मिळत नाही.

चर्चमध्ये दानाची थैली फिरते, देवळात दानपेटी असते, गृहसंकुलांत जुने कपडे गोळा होतात. हे सारे हवेच. पण पौलाच्या पत्रातली मागणी याहून पुढची आहे. ती सधन माणसाला विचारते, या माणसाचे देणे तू आपल्या नावावर मांडशील का?